पहिलीच क्रूझ, तीही कॅरिबियनची: पैसे भरण्याआधी तारखा बदलून घ्या

पत्र: मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. यजमान ६६ वर्षांचे. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, गुडघेही दुखतात. आम्ही दोघं अमेरिकेला कधी गेलो नाही आणि गोव्याच्या फेरीबोटीपलीकडे जहाज पाहिलेलं नाही. बर्डीवरच्या एका एजंटनं मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ सुचवली आहे: बहामाजमधलं कंपनीचं खाजगी बेट, जमैकातलं फालमथ, ग्रँड केमन, मेक्सिकोतलं कोझुमेल आणि परत मायामी. तारीख सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. सकाळी नऊला विमान मायामीत उतरेल, त्याच दिवशी दुपारी चारला जहाज सुटेल. परतीच्या दिवशी सकाळी सहाला जहाज लागेल आणि साडेदहाला विमान. केबिनपुढे ‘इनसाइड गॅरंटी’ लिहिलंय. व्हिसा अजून काढलेला नाही. एजंट म्हणतो, सगळं धरून आहे. आम्ही शाकाहारी. जहाज हललं तर काय? खाण्याचं काय? वरून आणखी किती खर्च येईल?

उत्तर:

ताई, तुम्हाला पहिली भीती जहाज हलण्याची वाटते आहे, पण या कोटेशनमध्ये तिच्याहून मोठ्या तीन अडचणी आहेत: महिना, जातानाचं विमान आणि येतानाचं विमान. या तिन्ही गोष्टी बदलून मिळेपर्यंत एक रुपयाही भरू नका.

आधी महिना. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर सर्वाधिक असतो तो १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणूनच त्या आठवड्यांचं भाडं पडलेलं असतं. जहाज वादळात सापडण्याची धास्ती नको. त्याचा वेग वादळाच्या सरकण्याच्या वेगापेक्षा बहुतेक वेळा जास्त असतो आणि कॅप्टन वळसा घालून निघून जातो. अडचण त्या वळशाचीच आहे. फालमथच्या ऐवजी भलतंच बंदर मिळतं किंवा बंदर गाळून एक दिवस पाण्यातच जातो. तिकिटाच्या अटींमध्ये कंपनीनं हा हक्क राखून ठेवलेला असतो. गाळलेल्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘मेलिसा’ हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर धडकलं, म्हणजे हंगामाचं शेपूटही निर्धोक नसतं. तुमच्यासाठी जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ उत्तम. एप्रिलअखेर ते मे हाही चांगला. नागपूर ४४-४५ अंशांवर तापत असताना तिकडे तिशीच्या आसपास असतं. नाताळ-नववर्षाचा आठवडा आणि मार्च टाळा. मार्चमध्ये अमेरिकन कॉलेजांना सुट्ट्या असतात. भाडं चढतं आणि जहाजावर गर्दी-गोंगाट वाढतो.

आता जातानाचं विमान. सकाळी नऊ आणि दुपारी चार यांत सात तास दिसतात, पण ते खरे सात नाहीत. टर्मिनलचं चेक-इन जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी जहाज सुटण्याआधी अमेरिकन सरकारला द्यावी लागते. म्हणजे तुमची खरी वेळ अडीच-तीनची. त्यात इमिग्रेशनची रांग एक-दोन तासांची, मग बॅगा, मग टॅक्सी. वाटेतलं एक विमान तीन तास उशिरा निघालं की जहाज गेलं. ते कोणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. पुढचं बंदर स्वखर्चानं विमानानं गाठावं लागतं, आणि पुढचं बंदर कंपनीचं खाजगी बेट असेल तर तिथे विमानच जात नाही. म्हणून मायामीत दोन दिवस आधी पोहोचा. एक दिवस हरवलेल्या बॅगेसाठी, एक झोपेसाठी. हिवाळ्यात मायामी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते आणि यजमानांच्या गोळ्यांचं वेळापत्रकही तिथे बसायला हवं.

नागपूरहून कतार एअरवेजनं दोहा आणि दोहाहून मायामी असा एका थांब्याचा मार्ग आहे. चालू वेळापत्रक पाहून आधी तोच मागा. मुंबई किंवा दिल्लीमार्गे जायचं असेल तर नागपूरपासून मायामीपर्यंत सगळं एकाच पीएनआरवर हवं. नागपूर-मुंबई वेगळं तिकीट काढलं आणि ते विमान रखडलं तर पुढची विमान कंपनी तुम्हाला ‘आलेच नाहीत’ असं धरते.

परतीच्या दिवशी जहाज सहाला लागलं तरी तुम्ही सहाला बाहेर पडत नाही. लोक सात ते साडेदहाच्या दरम्यान टप्प्याटप्प्यानं उतरतात, खाली पुन्हा इमिग्रेशन असतं. मायामीहून एकच्या आधीचं विमान घेऊ नका. संध्याकाळचं मिळालं तर सगळ्यात चांगलं. कोटेशनवर बंदराचं नावही तपासा. एजंट सरसकट ‘मायामी’ म्हणतात, पण काही जहाजं फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्सहून सुटतात, जे मायामीपासून ४०-४५ किलोमीटरवर आहे, तर काही ऑरलँडोजवळच्या पोर्ट कॅनाव्हरलहून.

व्हिसा नाही म्हणजे सप्टेंबर तसाही हातातून गेलेला धरा. तुम्हाला बी-१/बी-२, म्हणजे पर्यटकांना मिळणारा व्हिसा लागेल आणि तो मल्टिपल एंट्रीच हवा. जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं, म्हणजे तुम्ही एका सहलीत दोनदा अमेरिकेत शिरता. भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा, मल्टिपल एंट्रीचाच मिळतो. हाती आला की त्यावरच्या ‘एंट्रीज’च्या रकान्यात ‘एम’ आहे ना ते बघा. डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन भरायचा, फी भरायची, मग दोन वेगवेगळ्या दिवसांच्या अपॉइंटमेंट मिळतात: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी मुलाखतीची. महाराष्ट्रासाठी मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. रात्रीच्या दुरांतोनं किंवा विदर्भ एक्स्प्रेसनं जायचं असेल तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत असा. गाडी उशिरा येते हे गृहीत धरूनच. मुलाखतीच्या तारखेसाठी अनेकदा महिनोन्‌महिने थांबावं लागतं. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं कोणतंही तिकीट घेऊ नका. कॉन्सुलेट स्वतःच तसं सांगतं. क्रूझचं डिपॉझिट परत मिळण्याजोगं घ्या. उरलेली रक्कम साधारण तीन महिने आधी भरायची असते, तोवर व्हिसाचा निकाल लागलेला असावा असं गणित बसवा.

एजंटनं फॉर्म भरला तरी तो स्वतः वाचूनच सही करा. एक चूक वारंवार होते ती नावाची. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव असतं. विमान, क्रूझ आणि व्हिसा तिन्हीकडे पासपोर्टवरच्या नाव आणि आडनाव या दोन्ही रकान्यांत आहे तसंच, तेवढंच नाव हवं. पासपोर्ट सहल संपल्यानंतर किमान सहा महिने चालणारा असावा. जमैका भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी व्हिसा मागत नाही, मेक्सिको चालू अमेरिकन व्हिसा मान्य करतं. बाकी बंदरांसाठी एजंटकडून क्रूझ कंपनीचं लेखी उत्तर मागवा. कागद अपुरे असतील तर तुम्हाला जहाजावर चढू न देण्याचा हक्क कंपनीला असतो आणि मग ‘एजंट म्हणाला होता’ याला काही किंमत उरत नाही.

इथेच एक धोका सांगून ठेवते. जागा नाही म्हणून एजंटनं तुम्हाला दक्षिण कॅरिबियनच्या फेरीवर ढकललं आणि ते जहाज त्रिनिदाद, कोलंबियातलं कार्ताहेना किंवा पनामा इथे थांबत असेल, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. ते नसेल तर विमानतळावरून विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि साठीनंतर ती द्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतात. तुमच्या सध्याच्या मार्गावर याची गरज नाही. मार्ग बदलला तर मात्र हे पहिल्यांदा विचारा.

केबिनकडे वळू. ‘इनसाइड’ म्हणजे खिडकी नसलेली खोली. ‘गॅरंटी’ म्हणजे त्या प्रकारची खोली नक्की, पण कुठली ते कंपनी ठरवणार. ती जहाजाच्या अगदी नाकाशी निघू शकते किंवा स्विमिंग पूलच्या खालच्या मजल्यावर, जिथे पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. एसटीच्या मागच्या सीटवर आणि मधल्या सीटवर बसण्यात जो फरक, तोच जहाजाच्या टोकाला आणि मध्यात. यजमानांचे गुडघे आणि हलण्याची भीती दोन्हींसाठी ठरलेल्या नंबरची खोली घ्या: जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांपैकी एकावर, लिफ्टजवळ, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेली. बजेटमध्ये थोडी जागा असेल तर ते पैसे बाल्कनीवर घाला. चार बंदरांच्या सात रात्रींच्या फेरीत दोन दिवस पूर्ण पाण्यात जातात, आणि ज्याला फार चालवत नाही त्याला खोलीतच समुद्र मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

जहाजाचा आकारही विचारा. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारखं जहाज जवळपास ३६५ मीटर लांब आहे आणि त्यावर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. नाश्त्याला जाऊन येणं म्हणजे बरीच रपेट. दोन-तीन हजार प्रवाशांचं मध्यम जहाज तुम्हाला जास्त सुखाचं होईल.

आता हलण्याबद्दल. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे बाजूला डोलणं बरंच कमी होतं. तरी वाऱ्याच्या रात्री जाणवतं. मळमळीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. ती आधी घ्यावी लागते. अ‍ॅव्होमिन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तिनं झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. यजमानांच्या डॉक्टरांकडून त्यांच्या गोळ्यांसोबत काय चालेल ते लिहूनच आणा. त्रास झाला तर केबिनमध्ये पडून राहू नका. मधल्या मजल्यावर उघड्या डेकवर या, क्षितिजाकडे बघा, पोट रिकामं ठेवू नका; कोरडं बिस्कीट किंवा आल्याचा तुकडा चघळा.

औषधं मूळ पाकिटात ठेवा. सहलीच्या दिवसांना पुरतील त्यापेक्षा आठवडाभर जास्त घ्या, आणि औषधांची घटकनावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. जहाजावर दवाखाना असतो, पण तो फुकट नाही आणि बिल डॉलरमध्ये येतं. प्रवास विमा ‘अमेरिका-कॅनडा धरून’ असा घ्या, त्यात क्रूझ आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा, आणि फॉर्ममध्ये मधुमेह स्पष्ट लिहा. लपवलेला आजार हेच दावा नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं.

जेवणाबद्दल निश्चिंत राहा. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मुख्य डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. कुठे ते मेनूवरच असतं, कुठे आदल्या दिवशी सांगावं लागतं. बुकिंग करतानाच नोंदवा आणि जेवणाची ठरलेली वेळ निवडा, हवी तेव्हा जेवण्याची सोय नको. ठरलेल्या वेळी रोज तेच टेबल आणि तोच वेटर असतो, त्याला दुसऱ्या दिवशी तुमची आवड माहीत असते. पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही तेही. मासे खाणाराही शाकाहारी, असं समजणारे लोक तिकडे भेटतात, म्हणून हे वेगळं सांगायचं. भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचं पाणी असू शकतं, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा असतो, जेली आणि मूसमध्ये जिलेटिन. कोझुमेलला बाहेर खाल्लंत तर घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी नाही ना, ते विचारा.

तिखटाची उणीव मात्र भासेल. तर्री-पोह्यांवर वाढलेल्या जिभेला तिकडची ‘स्पायसी’ भाजी आजाऱ्याच्या पथ्याची वाटते. कारखान्यात सीलबंद केलेली चटणी, लोणच्याचं पाकीट, चिवडा चालतो. घरी डब्यात भरलेलं बहुतेक जहाजं काढून घेतात. अमेरिकेत उतरताना खाण्याचं जे काही आहे ते विचारल्यावर सांगून टाका. सांगितलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड होतो. संत्री अजिबात नेऊ नका, हौस म्हणून दोनसुद्धा नाही. ताज्या फळांना मनाई असते. तांदूळ, हरभरा असं कच्चं धान्यही नको. खव्याच्या मिठाईवर प्रश्न निघू शकतात, तीही घरीच राहू द्या.

खर्चाबद्दल. ‘सगळं धरून’ या शब्दांवर समाधान मानू नका. पोर्ट टॅक्स, ग्रॅच्युइटी, मायामीतलं हॉटेल, विमा आणि विमानतळ-बंदर प्रवास, या पाचांपुढे आत की बाहेर असं लिहून मागा. ग्रॅच्युइटी म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी, ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागते. १८ धरले तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर. ती काढून टाकायला लावू नका. खोली झाडणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. दारूचं पॅकेज तुम्हाला नको. चहा, कॉफी, पाणी, सकाळचा ज्यूस भाड्यातच असतो, आणि जहाजाच्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली भरून घ्या. वाय-फाय मोजून घ्या, एका फोनपुरतं, आणि घरूनच आगाऊ. चढल्यावर दर वाढतो. बंदरावरच्या सहली माणशी ५० ते १५० डॉलरपर्यंत जातात. एजंट पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, लावेल. तो खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा झालेला आयकर आहे. आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. पावतीवर पॅन बरोबर आहे ना ते बघा.

जहाजावर रोख चालत नाही. चढताना तुमचं कार्ड खात्याला जोडतात आणि हातात एक जहाज-कार्ड देतात, सगळी खरेदी त्यावर. इथे क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर कंपनी रोज अंदाजे रक्कम अडवून ठेवते, ती सुटायला बरेच दिवस लागतात आणि ऐन प्रवासात तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. मशीननं रुपये की डॉलर विचारलं तर डॉलर. रुपयात दर वाईट लागतो. बेटांवर टॅक्सी आणि बक्षिसीसाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा मिळून शंभरेक डॉलर सुटे ठेवा, ते चारही ठिकाणी चालतात.

जहाज धक्का सोडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय तेवढं चालू ठेवा. खोल समुद्रात फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो, ते नेहमीच्या अमेरिका पॅकमध्ये धरलेलं नसतं, आणि नुसत्या येणाऱ्या कॉलचं, आपोआप झालेल्या अपडेटचं बिल हजारांत येतं.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा टर्मिनलबाहेर हमालाकडे द्यायच्या असतात. कंपनीचे छापील टॅग त्यांना आधीच लावलेले हवेत. त्या संध्याकाळपर्यंत खोलीपाशी येतात. तोवर लागणारं सगळं हातात: पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, शाल. एसी कडक असतो. इस्त्री, विजेची किटली, राइस कुकर, मेणबत्ती आणि सर्ज प्रोटेक्टरची एक्स्टेंशन बॉक्स बॅगेत सापडली तर काढून घेतात, आगीच्या भीतीनं. आपली किटली हमखास यातच अडकते. गरम पाणी बुफेवर दिवसभर मिळतं. प्लग अमेरिकन, दोन चपट्या पिनांचे. साधा अ‍ॅडॉप्टर न्या. त्याच दिवशी सुरक्षा कवायत असते आणि ती चुकवता येत नाही: फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि मग तुमच्या नेमलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची.

कपड्यांत एक-दोन संध्याकाळी ठेवणीतलं लागतं. तुमची साडी आणि यजमानांचा कुर्ता-जाकीट उत्तम. पूलमध्ये सुती सलवार-कुर्ता चालत नाही, नायलॉनचा अंगभर स्विमसूट मिळतो तो घ्या. एक गोष्ट भारतात कोणी सांगत नाही: लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे जमैकात सामान्य माणसाला घालायला कायद्यानं बंदी आहे. यजमानांची तशी टोपी असेल तर घरीच ठेवा.

बंदरांवर. पहिली बाब घड्याळ: जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ वेगळी असू शकते आणि फोन आपोआप बेटाची दाखवतो. हातात साधं घड्याळ घाला, त्यावर जहाजाची वेळ ठेवा. ‘परत जहाजावर’ची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाज थांबतं ते फक्त त्याच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर. बाहेरच्या टॅक्सीनं गेलात तर दोन तास हातात राखून परता. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, त्याची झेरॉक्स आणि एक फोटो ओळखपत्र सोबत. एखाद्या बंदरावर मूळ लागत असेल तर जहाज आदल्या दिवशी कळवतं.

फालमथला सगळे डन्स रिव्हर धबधब्याला चला म्हणतील. तो ओचो रिओसला आहे, रस्त्यानं तासाभराहून जास्त, आणि ओल्या खडकांवरून जवळपास १८० मीटर लांबीची चढण चढायची असते. यजमानांनी नको. जवळच मार्था ब्रे नदी आहे, तिथे बांबूच्या तराफ्यावर बसून तासभर संथ पाण्यातून नेतात. गुडघ्यांना काही करावं लागत नाही. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही. २०२५ च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी क्रूझचा धक्का बांधायला नकार दिला. जहाज समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. जहाज आणि बोट यांच्यामध्ये हलणारी फट असते, खलाशी दोन्ही दंड धरून उतरवतात. घाई करायची नाही, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. लाटा मोठ्या असल्या तर हे बंदर गाळतात, तेव्हा तिथली बाहेरची सहल आगाऊ पैसे भरून घेऊ नका. सेव्हन माइल बीचला टॅक्सीनं जाऊन बसणं पुरेसं आहे. कोझुमेलला तुलुमचे माया अवशेष विकतील; त्यासाठी फेरीबोटीनं मुख्य भूमीवर जाऊन पुढे बसचा प्रवास, आणि ती फेरीबोट जहाजापेक्षा कितीतरी जास्त हलते. बेटावरच सान हेर्वासिओचे अवशेष आहेत, ते बघा.

नागपूरचं ऊन सोसलंय म्हणून त्या उन्हाला हलकं घेऊ नका. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि पाण्यावरून परावर्तन होतं. संध्याकाळी खांदे भाजलेले कळतात. टोपी, लांब बाह्या, आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन प्रवाळाला मारतात आणि काही बेटांवर त्यांना बंदीही आहे. जेवणाआधी प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा. जहाजावर उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस पसरतो आणि तो सॅनिटायझरला नीट दाद देत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा नंबरचा टॅग लावून अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. रातोरात त्या खाली जातात. घालायचे कपडे, चप्पल, गोळ्या आणि पासपोर्ट आत राहिले ना, हे बॅगेची चेन लावण्याआधी बघा. घालायच्या कपड्यांसकट सगळं बॅगेत गेलेले प्रवासी दर फेरीला सापडतात. झोपण्याआधी टीव्हीवर किंवा अ‍ॅपमध्ये बिल तपासा. चूक असेल तर रात्रीच काउंटर गाठा, सकाळी तिथे लांब रांग असते.

एजंटकडून नवं कोटेशन आलं की पाठवा. त्यात बंदराचं नाव, केबिनचा नंबर, डिपॉझिट परत मिळण्याची शेवटची तारीख आणि दोन्ही विमानांच्या वेळा स्पष्ट दिसायला हव्यात.